आधी ओळ, मग संज्ञा

नववी-दहावीच्या इंग्रजीच्या तासाला कधी ना कधी एक यादी फळ्यावर येतेच. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, हायपरबोली, अँटिथेसिस, आयरनी. प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या आणि एक उदाहरण. मुलं ती वहीत उतरवून घेतात, तोंडपाठ करतात आणि पुस्तकातल्याच कवितेवर प्रश्न आला तर मार्कही मिळवतात. अडचण येते ती न वाचलेली कविता समोर आली की. पाठ केलेलं उदाहरण तिथे नसतं आणि व्याख्येवरून ओळीपर्यंत पोचायची सवय लागलेली नसते. मग 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली, काहीच सापडलं नाही की मेटाफर, असा अंदाजपंचे कारभार सुरू होतो. उताऱ्यावरच्या प्रश्नांचीही तीच गत. 'इन्फर' म्हटलं की मुलं उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतात, आणि 'टोन' विचारला की कवितेचा सारांश लिहितात.

मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकणारी मुलं आणि त्यांना शिकवणारे शिक्षक-पालक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. सांगायचं आहे ते एवढंच की, संज्ञा शिकायची ती ओळ हातात धरून. ओळीत काय चाललंय ते आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मग त्याला नाव द्यायचं आणि मग ते तिथे का आलं असेल हे विचारायचं. हा क्रम उलटा झाला की संज्ञा ओझं होते.

निम्मं काम मराठीच्या तासाला झालेलं असतं

इंग्रजीतल्या या संज्ञा परक्या वाटतात त्या नावांमुळे. कल्पना आपल्या ओळखीच्याच आहेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातले तीन तुम्ही मराठीच्या पुस्तकातून शिकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द अशी उपमेची फोड करायला मराठीचे शिक्षक शिकवतात. ही फोड इंग्रजीच्या तासाला बरोबर न्या. सिमिली ओळखायला याहून चांगलं साधन इंग्रजीच्या गाइडात सापडणार नाही.

उदाहरणार्थ, 'ती आईसारखी दिसते' या वाक्यात 'सारखी' आहे, पण उपमा अलंकार नाही. एका माणसाची दुसऱ्या माणसाशी केलेली ही सरळ तुलना आहे. 'शी लुक्स लाइक हर मदर' या वाक्यातही म्हणूनच सिमिली नाही. उपमेय आणि उपमान वेगळ्या जातीचे हवेत आणि तरी त्यांच्यात एखादा गुण समान दिसायला हवा. 'आय लाइक टी'मधला 'लाइक' तर तुलनेचा शब्दच नाही. खुणेच्या शब्दावर विसंबलं की इथे फसगत होते. उपमेय कोणतं आणि उपमान कोणतं, हे विचारणारा विद्यार्थी फसत नाही.

जिथे मराठीची आणि इंग्रजीची हद्द तंतोतंत जुळत नाही, तिथे मात्र सावध राहायला हवं. आपला अनुप्रास अक्षराच्या पुनरावृत्तीने येतो आणि ते अक्षर शब्दात कुठेही असलं तरी चालतं. इंग्रजीतलं अ‍ॅलिटरेशन मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनध्वनीवर बेतलेलं असतं. तो ध्वनी आहे, अक्षर नव्हे, हे विसरलं की चूक ठरलेली. 'सिटी' आणि 'कॅट' या दोन्ही शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग सी या अक्षराने सुरू होतं, तरी त्यांत अ‍ॅलिटरेशन नाही. 'फोटो' आणि 'फादर' यांचं पहिलं अक्षर वेगळं, तरी ते आहे. 'नाइफ'च्या आरंभीचा के तर उच्चारलाच जात नाही. इथे मराठी मुलांच्या हातात एक फार सोपी युक्ती आहे. शंका आली की ते शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहा. पहिलं व्यंजन सारखं आलं की उत्तर मिळालं. देवनागरी उच्चाराच्या जवळ चालते, तिचा असा फायदा करून घ्यायला काहीच हरकत नाही.

मेटाफरचा पसारा रूपकापेक्षा मोठा आहे. मराठीत रूपक म्हणताना उपमेय आणि उपमान एकरूप झालेले दिसावेत अशी अपेक्षा असते. 'त्याच्या आवाजाला गंज चढला होता' या वाक्यात लोखंडाचं नावही नाही. मराठीच्या तासाला आपण इथे लक्षणेबद्दल बोलू, इंग्रजीच्या तासाला हेच बिनदिक्कत मेटाफर म्हणून चालतं. तेव्हा इंग्रजी कवितेत नामांबरोबर क्रियापदांकडेही लक्ष ठेवा. रूपकं तिथे लपून बसतात. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मधलं जेक्विसचं जगाला रंगभूमी ठरवणारं भाषण दहावीला अनेकांनी अभ्यासलेलं असेल. त्यात एकच रूपक शेवटपर्यंत चालवलं आहे : माणसं म्हणजे नट, जन्म-मृत्यू म्हणजे प्रवेश आणि निर्गमन, आयुष्याच्या सात अवस्था म्हणजे सात अंक. याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात. ही संज्ञा त्या कवितेवरच शिकावी, तिची वेगळी व्याख्या पाठ करायची गरजच पडत नाही.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे आपली चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. इथे फार अडायला होत नाही, पुढे जाऊ.

आयरनीपाशी मात्र थांबायला हवं, कारण तिला मराठीत एक नेमका अलंकार नाही. वरवर स्तुती आणि आतून निंदा अशी आपली व्याजस्तुती शाब्दिक आयरनीच्या जवळची. पण आयरनी बोलण्यापुरती नसते, ती घटनेतही असते. रॉबर्ट सदीच्या 'द इंचकेप रॉक'मध्ये सर राल्फ हा चाचा खडकावरची धोक्याची घंटा कापून टाकतो. मठाधिपतीचं नाव खराब व्हावं एवढाच त्याचा हेतू. पुढे धुक्यात त्याचंच जहाज त्याच खडकावर आपटतं, कारण सावध करणारी घंटा आता तिथे नसते. अपेक्षा एक आणि घडतं त्याच्या नेमकं उलट, ही सिच्युएशनल आयरनी. तिसरा प्रकार ड्रॅमॅटिक आयरनीचा. तो मराठी प्रेक्षकाला 1880 सालच्या 'संगीत शाकुंतल'पासून ठाऊक आहे. दुर्वासांचा शाप प्रेक्षकांना माहीत आहे, शकुंतलेला आणि दुष्यंताला नाही. राजा तिला ओळखत नाही तेव्हा ती बिचारी आठवणी सांगत राहते आणि आपण खुर्चीत बसून तळमळतो. प्रेक्षकाला कळलेलं असतं आणि पात्राला नसतं, या तफावतीतून ती तळमळ येते.

एका उताऱ्यावर पाच संज्ञा

अलंकारांपेक्षा जास्त गोंधळ आकलनाच्या संज्ञांचा होतो. त्यांना खुणेचा शब्द नसतो. म्हणून एक छोटासा उतारा घेऊन पाहू. मुद्दामच मराठीत घेतो, म्हणजे भाषेचा अडसर राहणार नाही आणि लक्ष संज्ञेवर राहील.

'साडेपाचची एसटी सहा वाजून गेले तरी लागली नव्हती. कंट्रोलरच्या खिडकीवर पाटी होती : सर्व गाड्या वेळेवर सुटतील. सुमनने पिशवीतला डबा पुन्हा एकदा चाचपून पाहिला. अजून कोमट होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दवाखान्यात का?" सुमन हसली आणि म्हणाली, "छे हो, माहेरी चाललेय." मग तिने डब्याखालची फाइल हळूच आत सारली.'

बस उशिरा आहे, ही माहिती उताऱ्यात सरळ दिली आहे. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत जिला सिम्पल फॅक्चुअल म्हणतात ती ही कृती. सुमनचा डबा कोमट होता, म्हणजे तो नुकताच भरलेला होता आणि तो गरम असतानाच कुणापर्यंत तरी पोचावा अशी तिची इच्छा होती, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. आपण दोन-तीन तपशील जोडून ते काढलं. याचं नाव इन्फरन्स, म्हणजे अनुमान.

अनुमानाची हद्दही याच उताऱ्यात दिसते. सुमन काहीतरी लपवते आहे, असं म्हणायला आधार आहे : आधी प्रश्न, मग हसू, मग आत सारलेली फाइल. ती बहुधा दवाखान्यातच निघाली आहे, असंही म्हणता येईल. पण 'तिच्या नवऱ्याला मोठा आजार झाला आहे' असं लिहिलंत तर ते अनुमान नाही, ती तुमची कल्पना झाली. उताऱ्यात नवराही नाही आणि आजाराचं नावही नाही. अनुमानाच्या प्रत्येक उत्तराला एक कसोटी लावा : बोट ठेवून दाखवता येईल असा शब्द उताऱ्यात आहे का? असेल तर लिहा, नसेल तर खोडा. बारावीच्या कृतिपत्रिकेत इन्फरन्स, इंटरप्रिटेशन, अ‍ॅनालिसिस अशी कृतीच असते, आणि तिथले मार्क जातात ते बहुतेकदा या बोटाअभावी.

पाटी आणि प्रत्यक्ष यांतली विसंगती ही आयरनी, ती आता तुम्ही स्वतःच ओळखली असेल. सुमनचं 'माहेरी चाललेय' हे उत्तर मराठीच्या तासाला व्याजोक्ती ठरलं असतं, कारण खरं कारण झाकून तिने दुसरंच सांगितलं.

आता ही गोष्ट सांगतंय कोण ते पाहा. 'मी' कुठे नाही, म्हणजे निवेदन तृतीयपुरुषी आहे. निवेदक सुमनच्या अगदी जवळ उभा आहे, डब्याची ऊबही त्याला कळते, पण तिच्या मनात काय चाललंय ते तो उघड करत नाही. याला पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणतात. हाच प्रसंग शेजारच्या बाईंच्या तोंडून सांगितला तर डबा कोमट होता हे आपल्याला कळणारच नाही. एखादा प्रसंग असा दुसऱ्या पात्राकडून सांगून पाहणं हा या संज्ञेचा सगळ्यात चांगला सराव आहे. वर्गात दहा मिनिटांत होतो आणि मुलांना मनापासून आवडतो.

राहिले टोन आणि मूड. लिहिणाऱ्याचा किंवा निवेदकाचा विषयाकडे बघण्याचा भाव म्हणजे टोन. वाचताना आपल्याभोवती जे वातावरण तयार होतं तो मूड. वरच्या उताऱ्यात निवेदकाचा स्वर संयमी आहे, तो कुठे हळहळत नाही की भावनेची विशेषणं वापरत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र अस्वस्थता दाटते. टोन संयमी आणि मूड अस्वस्थ, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. टोन आणि मूड एकच समजणाऱ्या मुलांना हे एकदा दाखवलं की गोंधळ कायमचा संपतो.

दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' बारावीच्या युवकभारतीत आहे. लोकल ट्रेनने उशिरा घरी परतणारा बाप, पाणचट चहा, शिळी पोळी, त्याच्याशी न बोलणारी मुलं. बोलणारा बहुधा त्याचा मुलगा आहे. तो बापाबद्दल काय वाटतं ते एकदाही सांगत नाही, नुसतं पाहत राहतो. या कवितेचा टोन 'सॅड' असं एका शब्दात लिहून मोकळं होऊ नका. 'सॅड' आणि 'हॅपी' या दोन शब्दांवर टोनचा प्रश्न सुटत नाही. आपल्याजवळ टोनचे वीसेक शब्द हवेत : रिफ्लेक्टिव्ह म्हणजे चिंतनशील, नॉस्टॅल्जिक म्हणजे गतकाळाने हळवा झालेला, रेव्हरंट म्हणजे आदराचा, सटायरिकल म्हणजे उपहासाचा, रिग्रेटफुल म्हणजे खंतावलेला, डिटॅच्ड म्हणजे अलिप्त, कंपॅशनेट म्हणजे कणव असलेला. चित्र्यांच्या कवितेत अलिप्तता आणि कणव दोन्ही आहेत, आणि कोणत्या ओळीत काय, हे शोधणं हा त्या कवितेचा खरा अभ्यास.

केंब्रिजचे प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यावर मोकळेपणी लिहायला सांगितलं. 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. नामांकित विद्यापीठातली मुलंही कवितेचा सरळ अर्थ चुकवत होती आणि आधीच ठरलेल्या भावना कवितेवर लादत होती. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी ही ज्यांची स्वतःची भाषा त्यांनाही हे अवघड गेलं. तेव्हा आपल्या मुलांना अडखळायला झालं तर त्यांच्या इंग्रजीला दोष देऊ नये. लक्ष देऊन वाचण्याची सवय ही वेगळी शिकावी लागते.

कादंबरीच्या संज्ञा

बारावीच्या पुस्तकात तीन कादंबऱ्यांचे भाग आहेत आणि निवेदनाचे तीन नमुने शिकायला याहून चांगली सोय नाही. ई. आर. ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह' (1959) लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली. शिक्षक स्वतःच 'मी' म्हणून सांगतो. कॉनन डॉइल यांच्या 'द साइन ऑफ फोर'मध्येही (1890) 'मी' आहे, पण तो नायक नाही, तो डॉ. वॉटसन. होम्सच्या डोक्यात काय चाललंय ते वॉटसनला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, म्हणून रहस्य टिकतं. होम्सने स्वतः गोष्ट सांगितली असती तर उत्तर पहिल्या प्रकरणातच फुटलं असतं. ज्यूल व्हर्न यांची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' तृतीयपुरुषी आहे.

याच व्हर्नवर प्लॉट आणि सेटिंग शिकता येतं. सेटिंग म्हणजे नुसतं 'लंडन, मुंबई, हाँगकाँग' नव्हे. गोष्ट 1872 मधली आहे. तीन वर्षांपूर्वी सुएझ कालवा खुला झाला होता आणि भारतात आगगाडी दूरवर पोचली होती. तो काळ नसता तर नायक फिलियस फॉगला ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज लावताच आली नसती. स्थळकाळ कथानकाला असा कामाला येतो का, हे तपासायचं. घटनांचा क्रम ही गोष्ट झाली. एका घटनेमुळे दुसरी घडली असं दाखवलं की प्लॉट तयार होतो. फॉगचा नोकर पासपार्तू मुंबईच्या मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि त्याचे परिणाम कोलकात्यात भोगावे लागतात, तो कार्यकारणाचा धागा म्हणजे प्लॉट. आणि शेवटी पैज हरलो असं फॉगला वाटत असताना पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे एक दिवस पदरात पडलेला असतो, ती पुन्हा आयरनी.

थीमबद्दल एकच सांगतो. 'या कवितेची थीम विणकर आहेत' हे उत्तर चूक आहे. विणकर हा विषय झाला. सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन विव्हर्स'मध्ये पहाटे बाळाची वस्त्रं, सायंकाळी विवाहाचा शेला आणि रात्री प्रेतावरचं वस्त्र विणलं जातं. त्यावरून जन्म, तारुण्य आणि मृत्यू हे एकाच दिवसाचे प्रहर असल्यासारखे माणसाच्या वाट्याला येतात, असं जे पूर्ण वाक्य तयार होतं ती थीम. थीम एका शब्दात येत नाही, तिला क्रियापद लागतं.

उत्तर लिहिताना

नाव, पुरावा, परिणाम. रसग्रहणाचं उत्तर या तिघांशिवाय पुरं होत नाही. 'कवितेत सिमिली आहे' हे नाव झालं, याला फार तर अर्धा मार्क. 'विणकर बाळाच्या कपड्याचा निळा रंग खंड्या पक्ष्याच्या पंखासारखा आहे असं म्हणतात' हा पुरावा. 'पहाटेच्या वेळी एका जिवंत, उडणाऱ्या पाखराचा रंग आल्यामुळे नव्या जन्माचा टवटवीतपणा जाणवतो' हा परिणाम. मुलं पहिल्या पायरीवर थांबतात, दुसरीपर्यंत काही येतात, तिसरी फार थोडी चढतात. इंग्रजीत तिसऱ्या पायरीसाठी एक वाक्याचा साचा घोटून ठेवा : 'द पोएट कम्पेअर्स अमुक टू तमुक, विच सजेस्ट्स दॅट...' आणि पुढचं स्वतःचं. 'इट मेक्स द पोएम ब्युटिफुल' हे वाक्य मात्र कायमचं सोडून द्या. ते कुठल्याही कवितेला लागू पडतं, म्हणून परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

प्रश्नातलं क्रियापदही वाचा. 'स्टेट' म्हटलं तर थोडक्यात सांगा, 'एक्स्प्लेन' म्हटलं तर कसं आणि का ते उलगडा, 'जस्टिफाय' म्हटलं तर पुरावा द्या, 'कम्पेअर' म्हटलं तर दोन्ही बाजू एकाच वाक्यात आणा. घाईत मुलं हे सगळं एकाच पद्धतीने सोडवतात.

वहीबद्दल. डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात एक चौकटीचा आराखडा मांडला होता. पानाच्या मध्ये संज्ञा, भोवती चार खण : अर्थ, लक्षणं, उदाहरणं, आणि उदाहरण नसलेली उदाहरणं. हा चौथा खण सगळ्यात मोलाचा. सिमिलीच्या पानावर 'शी लुक्स लाइक हर मदर', अ‍ॅलिटरेशनच्या पानावर 'सिटी-कॅट', इन्फरन्सच्या पानावर 'सुमनचा नवरा आजारी आहे'. काय नाही हे ठाऊक असलं की काय आहे ते पक्कं बसतं. अर्थाच्या खणात गाइडातली व्याख्या नको, तुमचं मराठी वाक्य लिहा, खाली शिक्षकांकडून तपासून घेतलेलं इंग्रजी वाक्य. आठवड्याला दोन-तीन संज्ञा पुरे. दर आठवड्याला जुन्या पानांतली दोन झाकून आठवून पाहा, आणि सराव मिसळून करा. एका दिवशी फक्त सिमिली, दुसऱ्या दिवशी फक्त मेटाफर असं केलं तर ओळखायचं काय ते आधीच कळलेलं असतं आणि परीक्षेत ती सोय नसते.

शिक्षकांना एक विनंती. वीस संज्ञांची यादी एका तासात उतरवून देऊ नका. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचा. मुलांना काय दिसलं, काय ऐकू आलं ते मराठीतून सांगू द्या. कुणी म्हणेल, 'सर, इथे समुद्र माणसासारखा वागतोय.' त्या क्षणी फळ्यावर पर्सॉनिफिकेशन लिहा. इंग्रजीच्या तासाला मराठीतून बोलू दिलं म्हणून इंग्रजी बिघडत नाही. विचार झाला की त्याला इंग्रजी वाक्यात बसवणं हे पुढचं काम, आणि तेही वर्गातच करून घ्या.

आणि विद्यार्थ्यांनो, सुरुवात करायला नवं पुस्तक आणायची गरज नाही. या आठवड्यात शिकवलेली कविता घ्या, गाइड बाजूला ठेवा, तिच्यातली तुम्हाला थांबवणारी एक ओळ निवडा आणि नाव, पुरावा, परिणाम अशी तीन वाक्यं लिहून शिक्षकांना दाखवा.